एदुआर शातों

एदुआर शातों (जन्म : ११ ऑक्टोबर १८८३, रोमों, स्वित्झर्लंड, मृत्यू : २३ एप्रिल १९४७, बान्यूल्स-सूर-मेर, फ्रान्स) हे फ्रेंच जीवशास्त्रज्ञ व आदिजीवांचे अभ्यासक होते. पेशींचे आदिकेंद्रकी आणि दृश्यकेंद्रकी असे जे दोन प्रकार आज शाळेच्या पाठ्यपुस्तकांत शिकवले जातात, त्यांसाठीच्या मूळ फ्रेंच संज्ञा त्यांनी १९२५ साली प्रथम वापरल्या. त्यांचे नाव आज प्रामुख्याने याच कारणासाठी घेतले जाते. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग मात्र समुद्री प्राण्यांच्या शरीरात राहणाऱ्या परजीवी डायनोफ्लॅजेलेटांच्या अभ्यासात गेला. कोपेपॉडांचे आतडे, त्यांची देहगुहा आणि खेकड्यांचे रक्त यांत राहणारे आणि बाह्यरूपावरून ओळखू न येणारे हे जीव कोणत्या कुळातले आहेत, हे त्यांनी त्यांचे संपूर्ण जीवनचक्र पाहून सिद्ध केले. या विषयावरील त्यांचा १९२० चा ग्रंथ त्या शाखेचा पाया मानला जातो.

== जन्म आणि शिक्षण ==

शातों यांचा जन्म स्वित्झर्लंडच्या फ्रीबूर प्रांतातील रोमों या गावी झाला. त्यांचे उच्च शिक्षण पॅरिसमध्ये सॉर्बोन येथे झाले. त्या काळी फ्रान्समध्ये प्राणिशास्त्राच्या शिक्षणाचा मोठा भाग समुद्रकिनाऱ्यावरील प्रयोगशाळांत पार पडत असे. आंरी द लाकाझ-द्युतिए यांनी १८७२ मध्ये ब्रिटनी प्रांतात रोस्कॉफ येथे आणि पुढे दशकभराने भूमध्य समुद्राच्या काठी, स्पेनच्या सीमेजवळ, बान्यूल्स-सूर-मेर येथे अशी केंद्रे स्थापन केली होती. बान्यूल्सच्या केंद्राला आरागो प्रयोगशाळा असे नाव आहे. सकाळी जाळ्यात आलेले प्लवक काही मिनिटांत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येणे, ही या केंद्रांतील सर्वांत मोठी सोय होती. समुद्रातले नाजूक एकपेशीय जीव फार वेळ टिकत नाहीत आणि रसायनात ठेवल्यावर त्यांचे रूप बिघडते. त्यामुळे त्यांचा अभ्यास जिवंतपणीच करावा लागतो. या दोन केंद्रांशी शातों यांचा संबंध अखेरपर्यंत राहिला. त्यांचे निधनही बान्यूल्स येथेच झाले.

== विषयाची पार्श्वभूमी ==

डायनोफ्लॅजेलेट हे एकपेशीय जीव आहेत. त्यांना चाबकाच्या दोरीसारखे दोन तंतू असतात, त्यांना कशाभिका म्हणतात. एक कशाभिका पेशीच्या कमरेभोवतीच्या आडव्या खोबणीत असते आणि दुसरी उभ्या खोबणीतून मागे लोंबते. दोहोंच्या हालचालीमुळे हा जीव गिरक्या घेत पुढे सरकतो; त्याच्या नावातला पहिला भाग गिरकी या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला आहे. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर काही रात्री लाटा निळसर प्रकाशाने उजळतात. हा प्रकाश देणारा नॉक्टिल्युका हा जीवही याच गटातला आहे. गटातील बऱ्याच जाती वनस्पतींप्रमाणे सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात, तर अनेक जाती इतर जीवांना खाऊन जगतात.

एकोणिसाव्या शतकात यांतील मुक्तपणे पोहणाऱ्या जातींची बरीच माहिती झाली होती. परजीवी जातींची माहिती मात्र तुटपुंजी होती. झोर्झ पुशे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात ऑइकोप्ल्युरा या पारदर्शक प्लवक प्राण्याच्या शेपटीला चिकटून वाढणारा एक जीव नोंदवला होता. वाढ पूर्ण झाली की तो सुटून पडतो, त्याचे वारंवार विभाजन होते आणि त्यातून डायनोफ्लॅजेलेटाच्या रूपाची पिल्ले बाहेर पडतात, हे त्यांनी पाहिले होते. या गटातले जीव परजीवी असू शकतात याचा हा आरंभीचा पुरावा होता. शातों यांनी पुढे या परजीवीसाठी ऊडिनियम ही प्रजाती स्थापन केली आणि पुशे यांचे नाव त्याच्या जातिनामात कायम ठेवले.

== ब्लास्टोडिनियम ==

१९०६ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या आसपास, शातों यांनी ब्लास्टोडिनिड या परजीवी डायनोफ्लॅजेलेटांच्या नव्या गणाची घोषणा केली. गणातील मुख्य प्रजाती ब्लास्टोडिनियम ही कोपेपॉडांच्या आतड्यात राहते. कोपेपॉड हे खेकडे व कोळंबी यांच्या दूरच्या नात्यातले, साधारण एक मिलिमीटर लांबीचे कवचधारी प्राणी आहेत. समुद्रातील प्लवक प्राण्यांत त्यांची संख्या प्रचंड असते आणि अनेक माशांच्या पिल्लांचे ते मुख्य अन्न आहे. त्यांचे शरीर पारदर्शक असल्यामुळे आतड्यातला परजीवी बाहेरूनही एखाद्या पिवळसर, लांबट पिशवीसारखा दिसतो.

या पिशवीला कशाभिका नसते, खोबण नसते आणि ती पोहतही नाही. प्रौढ अवस्थेत तिच्यात डायनोफ्लॅजेलेटाची कोणतीही सहज दिसणारी खूण नसते. तिची वाढ कशी होते याचा क्रम शातों यांनी लावला. आरंभीची पेशी दुभंगून तिच्या दोन पेशी होतात. त्यांतली एक अन्न घेत वाढत राहते, तर दुसरी पुन्हा पुन्हा विभागून अनेक लहान पेशी तयार करते. तोवर पहिली पेशी परत दुभंगते आणि नवा थर सुरू होतो. अशा रीतीने कांद्याच्या पापुद्र्यांसारखे पिढ्यांचे थर एकावर एक चढतात. सर्वांत बाहेरचा थर पक्व झाला की त्यातल्या पेशी कोपेपॉडाच्या गुदद्वारातून समुद्रात पडतात. तेथे त्यांना दोन कशाभिका आणि दोन खोबणी येतात आणि त्या गिरक्या घेत पोहू लागतात. आतड्यात राहणारी पेशी मात्र पुढचा थर तयार करत राहते.

ब्लास्टोडिनियमामध्ये हरितलवकेही असतात. म्हणजे दुसऱ्याच्या आतड्यात राहूनही तो काही अन्न स्वतः तयार करू शकतो. तो कोपेपॉडाला सहसा लगेच मारत नाही. मात्र बाधित मादीचे अंडाशय पक्व होत नाही आणि ती वांझ राहते. एका सूक्ष्म प्राण्याचे वांझ होणे किरकोळ वाटले, तरी समुद्रातील अन्नसाखळीत कोपेपॉडांचे स्थान पाहता अशा परजीवींचा परिणाम दूरवर पोहोचू शकतो.

== सिंडिनियम ==

१९१० मध्ये शातों यांनी सिंडिनियम ही आणखी वेगळी प्रजाती प्रसिद्ध केली. ही आतड्यात न राहता कोपेपॉडाच्या देहगुहेत राहते. ती वेगवेगळ्या पेशींत विभागलेली नसते. एकाच जीवद्रव्यात अनेक केंद्रके असलेला तिचा गोळा अवयवांच्या मधल्या पोकळीत पसरत जातो, जननग्रंथींची जागा घेतो आणि शेवटी जवळजवळ सगळे शरीर व्यापतो. मग त्याचे असंख्य तुकडे होतात, प्रत्येकाला दोन कशाभिका येतात, कोपेपॉड मरतो आणि बीजाणूंचा लोंढा पाण्यात बाहेर पडतो. ब्लास्टोडिनियमाचा पोषक प्राणी वांझ होऊनही जगतो. सिंडिनियमाच्या पोषक प्राण्याचे मरण मात्र परजीवीच्या जीवनचक्राचाच भाग असते.

या प्रजातीच्या केंद्रकाचे विभाजनही वेगळे असल्याचे शातों यांच्या लक्षात आले. सामान्य डायनोफ्लॅजेलेटांच्या केंद्रकात गुणसूत्रे पुष्कळ असतात आणि विभाजन नसतानाही ती घट्ट गुंडाळलेली दिसतात. सिंडिनियमामध्ये गुणसूत्रे अगदी मोजकी असतात. या विशिष्ट विभाजनावर शातों यांनी १९२१ मध्ये स्वतंत्र टिपण प्रसिद्ध केले. पन्नासएक वर्षांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर त्यातील बारकावे पुन्हा तपासले गेले आणि ही यंत्रणा खरोखरच निराळी असल्याचे दिसून आले.

== पाश्चर संस्था आणि ट्युनिशिया ==

१९०७ ते १९१९ या काळात शातों पाश्चर संस्थेशी संबंधित होते. तेथील वातावरण रोगकारक सूक्ष्मजीवांच्या अभ्यासाचे होते. शातों यांनी येथे ड्रॉसोफिला या फळमाशीच्या शरीरातील कशाभिकाधारी परजीवींवरही काम केले.

पहिल्या महायुद्धाच्या काळात ते उत्तर आफ्रिकेत ट्युनिशियात होते. ट्युनिस येथील पाश्चर संस्थेचे संचालक शार्ल निकोल यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९०८ मध्ये गुंडी नावाच्या कृंतक प्राण्यात टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी शोधला होता. तो एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे कसा जातो, हे कोडे होते. शातों आणि झोर्झ ब्लां यांनी १९१७ मध्ये या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. पिंजऱ्यात ठेवलेल्या गुंडींना हा संसर्ग होतो, पण मोकळ्या रानातील गुंडींत तो आढळत नाही, हे त्यांनी दाखवले. रक्त शोषणारा एखादा कीटक किंवा गोचीड संसर्ग पसरवत असावा, असा त्यांचा अंदाज होता. तो चुकीचा ठरला. या परजीवीच्या जीवनचक्रातला हरवलेला दुवा मांजर हा आहे, हे १९७० च्या सुमारास स्पष्ट झाले. रानातील आणि पिंजऱ्यातील प्राण्यांतला फरक नोंदवणारे त्यांचे निरीक्षण मात्र बरोबर दिशेचे होते.

== १९२० चा ग्रंथ ==

परजीवी डायनोफ्लॅजेलेटांवरील शातों यांचा मुख्य ग्रंथ १९२० मध्ये प्राणिशास्त्राच्या एका फ्रेंच नियतकालिकातून प्रसिद्ध झाला. तो ४७५ पृष्ठांचा आहे. रचना, पुनरुत्पादन आणि जीवनपद्धती अशा तिन्ही अंगांनी त्यात या जीवांचा विचार केला आहे. ऑइकोप्ल्युरासारख्या प्राण्यांना बाहेरून चिकटणारे ऊडिनियम व अपोडिनियम, कोपेपॉडांच्या आतड्यातील ब्लास्टोडिनियम, देहगुहेतील सिंडिनियम, कृमींच्या आतड्यातील हॅप्लोझून अशा परस्परांशी जराही साम्य नसलेल्या जीवांना या ग्रंथाने एका छत्राखाली आणले.

त्यांतील हॅप्लोझूनचे उदाहरण बोलके आहे. समुद्रतळाच्या चिखलात राहणाऱ्या वलयांकित कृमींच्या आतड्यात तो सापडतो आणि पट्टकृमीप्रमाणे एकामागे एक जोडलेल्या पेशींच्या ओळीसारखा दिसतो. १९०६ मध्ये त्याचे वर्णन प्रथम प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याला अतिशय साधा बहुपेशीय प्राणी मानण्यात आले होते. शातों यांनी त्याची गणना परजीवी डायनोफ्लॅजेलेटांत केली. पुढील संशोधनाने, आणि अलीकडे डीएनए-अभ्यासाने, हेच स्थान योग्य ठरवले.

या सर्व कामामागे एक पद्धत होती. परजीवी झालेला जीव आपल्या कुळाच्या खुणा टाकून देतो. त्याला पोहावे लागत नाही, म्हणून कशाभिका जातात. शरीराला ठरावीक आकाराची गरज राहत नाही, म्हणून खोबणी जातात. त्यामुळे प्रौढ रूपावर विसंबल्यास त्याला भलत्याच गटात टाकले जाते. मात्र नव्या पोषक प्राण्यापर्यंत पोहोचायचे तर त्याला पुन्हा मोकळ्या पाण्यात उतरावे लागते आणि त्या थोड्या वेळापुरते कुळाचे मूळ रूप परत येते. केंद्रकाची ठेवणही पोषक प्राण्याच्या शरीरात टिकून राहते. म्हणून शातों पोहणारा बीजाणू आणि विभागणारे केंद्रक या दोन खुणांवर भर देत. त्यासाठी एकाच परजीवीवर तासन्‌तास नजर ठेवून त्याच्या सर्व अवस्था क्रमाने रेखाटाव्या लागत. ग्रंथातील त्यांची रेखाचित्रे पुढे दीर्घकाळ संदर्भासाठी वापरली गेली.

== स्ट्रासबर्ग आणि शिष्य ==

महायुद्धानंतर अल्सास प्रांत फ्रान्सकडे परत आला आणि १९१९ मध्ये स्ट्रासबर्ग येथील विद्यापीठ फ्रेंच विद्यापीठ म्हणून नव्याने उभे राहिले. शातों त्याच वर्षी तेथे रुजू झाले आणि पुढे प्राध्यापक झाले. १९३२ पर्यंत ते तेथे होते. उन्हाळ्यात रोस्कॉफ व इतर समुद्री केंद्रांवर त्यांचे काम चालू राही.

१९२१ मध्ये रोस्कॉफ येथे आंद्रे ल्वोफ हा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी त्यांच्या हाताखाली काम करू लागला. दोघांचे सहकार्य पुढे अनेक वर्षे टिकले. अॅपोस्टोम नावाचे पक्ष्माभिकाधारी आदिजीव हा त्यांचा समाईक विषय होता. यांतील काही जाती खेकड्यांसारख्या प्राण्यांच्या कल्ल्यांवर कोषात गुरफटून निश्चल पडून असतात आणि पोषक प्राण्याने कात टाकण्याची वाट पाहतात. कात टाकली जाताच त्या जागृत होतात, टाकलेल्या कवचातील द्रव शोषून झपाट्याने मोठ्या होतात, नंतर विभागून पुन्हा नव्या प्राण्याच्या शोधात निघतात. प्रत्येक अवस्थेत त्यांचा आकार आणि पक्ष्माभिकांची मांडणी पालटते. पूर्वी एकाच जातीच्या वेगवेगळ्या अवस्थांना वेगवेगळ्या जाती समजण्यात आले होते. तो गोंधळ या दोघांनी दूर केला. १९३५ मध्ये त्यांचा या गटावरील विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या कामासाठी त्यांनी चांदीच्या क्षारांनी पेशी रंगवण्याची पद्धत विकसित केली. पक्ष्माभिकांच्या मुळाशी असलेल्या सूक्ष्म कणांच्या रांगा त्यामुळे स्पष्ट दिसू लागल्या. पक्ष्माभिकाधारी जीवांच्या अभ्यासात ही पद्धत अनेक दशके रूढ होती.

जीवरसायनाकडे वळण्यापूर्वी झाक मोनो यांनीही १९३१ च्या सुमारास शातों यांच्या स्ट्रासबर्गच्या प्रयोगशाळेत आदिजीवांवर काम केले. ल्वोफ, मोनो आणि फ्रान्स्वा झाकोब यांना १९६५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. त्यांतील दोघांच्या जडणघडणीत शातों यांचा वाटा होता.

== हेमॅटोडिनियम ==

१९३१ मध्ये शातों आणि रेमों प्वासों यांनी फ्रान्सच्या किनाऱ्यावरील खेकड्यांच्या रक्तात राहणाऱ्या एका परजीवीचे वर्णन केले आणि त्याला हेमॅटोडिनियम पेरेझी असे नाव दिले. हा सिंडिनियमाचा नातलग आहे. बाधित खेकड्याचे रक्त दुधाळ होते, ते नीट गोठत नाही आणि अखेरीस खेकडा मरतो. तपासलेल्या खेकड्यांत हा परजीवी अत्यंत विरळ सापडला होता. त्यामुळे त्यानंतरची सुमारे चार दशके त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

१९७० च्या दशकात अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील निळ्या खेकड्यांत तसाच परजीवी आढळला. १९८० च्या दशकात अलास्कातील खेकड्यांच्या मांसाला येणाऱ्या कडवट चवीचे कारणही हेमॅटोडिनियम असल्याचे दिसून आले. त्या रोगाला तेथे कडू खेकड्याचा रोग असे म्हणतात. असे मांस खाल्ल्याने माणसाला अपाय होत नाही, पण ते विकले जात नाही. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील नॉर्वे लॉबस्टर आणि चीनमधील संवर्धन-तलावांतील खेकडे यांतही हा परजीवी नोंदवला गेला आहे. कोळ्यांच्या आणि मत्स्यसंवर्धकांच्या उत्पन्नाला झळ पोहोचवणाऱ्या या रोगावर संशोधन सुरू झाले, तेव्हा त्याच्या वर्गीकरणाचा आधार १९३१ चा तो छोटा निबंधच ठरला.

== आदिकेंद्रकी आणि दृश्यकेंद्रकी ==

शातों यांची सर्वांत प्रसिद्ध संकल्पना एका वेगळ्याच परजीवीवरील निबंधात आली. डॅफ्निया या गोड्या पाण्यातील पाणपिसूच्या आतड्यात पॅन्स्पोरेला पर्प्लेक्सा हा अमीबा राहतो. त्यावरील दीर्घ निबंध १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. हा अमीबा कोणत्या कुळात बसवावा, हा प्रश्न होता. त्या निमित्ताने शातों यांनी आदिजीवांच्या परस्परसंबंधांचा सर्वसाधारण विचार केला आणि त्याचा आराखडा आकृतीत मांडला. त्यात जीवाणू, नीलहरित शैवाले व स्पायरोकीट यांना खरे केंद्रक नसलेल्या जीवांच्या गटात ठेवले होते आणि आवरणयुक्त केंद्रक असलेल्या आदिजीवांना दुसऱ्या गटात. पहिल्या गटाच्या नावाचा अर्थ केंद्रकापूर्वीचे आणि दुसऱ्याच्या नावाचा अर्थ खरे केंद्रक असलेले असा होतो. मराठीत त्यांसाठी आदिकेंद्रकी आणि दृश्यकेंद्रकी या संज्ञा रूढ आहेत.

त्या निबंधात शातों यांनी या विभागणीचे सविस्तर विवेचन केले नाही. ती आकृतीपुरती आणि ओघाने आलेली मांडणी होती. आपल्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या १९३८ च्या पुस्तिकेतही त्यांनी या संज्ञा वापरल्या. त्यांच्या हयातीत या संज्ञांची फारशी दखल घेतली गेली नाही. जीवाणूंच्या आत काय आहे, हे प्रकाश-सूक्ष्मदर्शकाने पुरेसे दिसत नव्हते. त्यामुळे त्या काळी हा फरक ठामपणे सिद्ध करण्याचे साधनही नव्हते.

== मोंपेलिए आणि सेत ==

१९३२ मध्ये शातों मोंपेलिए विद्यापीठात आले आणि जवळच्या सेत येथील जीवशास्त्र केंद्राची धुराही त्यांच्याकडे आली. सेतच्या लगत खाऱ्या पाण्याचे विस्तीर्ण सरोवर आहे. तेथील व आसपासच्या मचूळ पाण्यातील कशाभिकाधारी जीवांवर त्यांच्या सहकारी बर्त बिशेलेर यांनी संशोधन केले. १९३४ मध्ये शातों आणि बिशेलेर यांनी डायनोफ्लॅजेलेटांच्याच शरीरात राहणाऱ्या परजीवी डायनोफ्लॅजेलेटांचे वर्णन केले. एकाच गटातील काही जीव भक्ष्य आणि काही त्यांचे परजीवी, असे हे चित्र होते.

१९३६ मध्ये बिशेलेर यांनी मचूळ पाण्यात सापडलेल्या एका नव्या शैवालाला शातों यांच्या सन्मानार्थ शातोनेला हे नाव दिले. या प्रजातीचा भारताशीही संबंध आहे. १९५४ मध्ये आर. सुब्रह्मण्यन यांनी मलबार किनाऱ्यावर समुद्राचे पाणी हिरवे करणाऱ्या आणि मासे मारणाऱ्या एका शैवालाचे वर्णन हॉर्नेलिया मरिना या नावाने केले होते. १९८० च्या दशकात या जातीचा समावेश शातोनेला प्रजातीत करण्यात आला. याच प्रजातीच्या उद्रेकामुळे १९७२ मध्ये जपानच्या सेतो अंतर्गत समुद्रात संवर्धनातील सुमारे १ कोटी ४० लाख मासे मेले.

== आरागो प्रयोगशाळा आणि अखेरची वर्षे ==

१९३७ मध्ये शातों सॉर्बोनमध्ये प्राध्यापक झाले आणि बान्यूल्स येथील आरागो प्रयोगशाळेचे संचालकपद त्यांच्याकडे आले. दोन वर्षांतच दुसरे महायुद्ध सुरू झाले. १९४० च्या पराभवानंतर बान्यूल्सचा भाग प्रथम जर्मनव्याप्त क्षेत्राबाहेर राहिला, पण नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मन सैन्याने दक्षिण फ्रान्सही ताब्यात घेतला. या खडतर काळात प्रयोगशाळेची जबाबदारी शातों यांच्याकडे होती. २३ एप्रिल १९४७ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी, बान्यूल्स येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर झोर्झ पेती हे प्रयोगशाळेचे संचालक झाले.

== मरणोत्तर प्रभाव ==

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकामुळे १९५० च्या दशकात पेशींची अंतर्रचना स्पष्ट झाली. जीवाणू व नीलहरित शैवालांत केंद्रकाभोवती आवरण नसते, हे दिसून आले. १९६२ मध्ये रॉजर स्टेनियर आणि कॉर्नेलिस व्हान नील यांनी जीवाणूची व्याख्या करताना शातों यांच्या संज्ञा स्वीकारल्या. या संज्ञांची माहिती स्टेनियर यांना ल्वोफ यांच्याकडून मिळाली होती. त्यानंतर त्या पाठ्यपुस्तकांत आल्या आणि जगभर रूढ झाल्या. मात्र संज्ञांचा उगम १९३८ च्या पुस्तिकेत असल्याचे बराच काळ सांगितले जाई आणि १९२५ चा मूळ निबंध मागे पडला होता. १९७७ मध्ये कार्ल वूझ व जॉर्ज फॉक्स यांनी केंद्रकरहित जीवांत जीवाणू आणि आर्किया असे दोन मूलभूत भिन्न गट असल्याचे दाखवले. तेव्हापासून आदिकेंद्रकी हा एकसंध वंशगट मानला जात नाही. पेशीरचनेचे वर्णन करताना मात्र ही संज्ञा आजही वापरली जाते.

या विभागणीत शातों यांच्या आवडत्या डायनोफ्लॅजेलेटांचे स्थानही काही काळ वादाचे ठरले. त्यांच्या गुणसूत्रांची ठेवण इतकी वेगळी आहे, की १९६० च्या दशकात काही शास्त्रज्ञांनी त्यांना दोन्ही प्रकारांच्या मधला तिसरा प्रकार मानण्याची सूचना केली. पुढे ती मागे पडली. डायनोफ्लॅजेलेट हे दृश्यकेंद्रकीच आहेत आणि त्यांच्या केंद्रकाचे वेगळेपण नंतरच्या उत्क्रांतीत आले, असे आता मानले जाते.

परजीवी डायनोफ्लॅजेलेटांच्या अभ्यासाला २००१ नंतर नवे महत्त्व आले. समुद्राच्या पाण्यातील अतिसूक्ष्म जीवांचे डीएनए थेट तपासण्यास सुरुवात झाली, तेव्हा अंटार्क्टिकापासून विषुववृत्तीय पॅसिफिकपर्यंत अज्ञात आदिजीवांचे अनुक्रम विपुल प्रमाणात सापडले. त्यांतील मोठा भाग सिंडिनियमाच्या नातलगांचा असल्याचे नंतर कळले. ज्या परजीवींना शातों एकेका कोपेपॉडात शोधत होते, त्यांचे बीजाणू जवळजवळ सर्व महासागरांच्या पाण्यात असल्याचे यातून दिसले. प्लवकांची संख्या मर्यादेत ठेवण्यात आणि समुद्रातील अन्नद्रव्ये पुन्हा पाण्यात मिसळण्यात त्यांचा वाटा किती, हा आता समुद्रविज्ञानातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे.

शातों यांचे सर्वच निष्कर्ष टिकले असे नाही. त्यांनी १९१० मध्ये वर्णन केलेला पॅराडिनियम हा कोपेपॉडांतील परजीवी डायनोफ्लॅजेलेटांच्या जवळचा मानला जाई. डीएनए-अभ्यासात तो अगदी दूरच्या, रायझेरिया या गटातला निघाला. ब्लास्टोडिनियम, सिंडिनियम, हॅप्लोझून आणि हेमॅटोडिनियम यांचे डायनोफ्लॅजेलेटांशी त्यांनी जोडलेले नाते मात्र आधुनिक पद्धतींच्या कसोटीला उतरले आहे.